चालीची आठवण

गोव्याच्या इतिहासातील दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. १६१६ साली रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती लोकांच्या घरांतील अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी या जाहीरनाम्याचा तपशील दिलेला आहे. लग्नघरी म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांचा त्या यादीत समावेश होता. एकशेवीस वर्षांच्या अंतराने एकाच धर्मसंस्थेच्या छत्राखाली ओवी एकदा देवळात आली आणि एकदा लग्नमांडवातून हाकलली गेली.

यात नुसती विसंगती आहे असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे. पोर्तुगीज धोरण मधल्या काळात कठोर होत गेले हे खरेच. १६८४ साली तर स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून द्यावी असा हुकूम निघाला होता. परंतु आम्हांला असे वाटते की या दोन्ही कृतींच्या मुळाशी एकच समजूत होती. ओवी कानावर पडली की माणसाचे मन कोठेतरी जाते, ही ती समजूत. स्टीफन्सला त्या वाटेने मनाला ख्रिस्ताकडे न्यावयाचे होते. इन्क्विझिटरांना त्याच वाटेने मन मागे, म्हणजे जात्याकडे, कुलदैवताकडे आणि सोडून आलेल्या गोतावळ्याकडे जाईल अशी भीती होती. लग्नातल्या ओव्यांत देवदेवतांची नावे नसली तरी त्या म्हणू नयेत, असा आग्रह कोणी धरत असेल तर त्याचे भय शब्दांपुरते नाही, चालीचेही आहे, हे उघड आहे.

धार्मिक संगीत मन शुद्ध करते आणि लौकिक संगीत ते बिघडवते, असे विधान आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ते करणाऱ्यांमध्ये हरिदास होते, पाद्री होते, शाळामास्तर होते आणि पुढे मंत्रीही झाले. या विधानात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : संगीत कोणते धार्मिक आणि कोणते लौकिक हे आपणांस ठाऊक आहे. मराठी ख्रिस्ती गीतांचा इतिहास वाचू लागले की हे गृहीतकच डळमळू लागते.

ख्रिस्ती परंपरेला ही अडचण फार पूर्वीपासून परिचित आहे. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाबां’च्या दहाव्या भागात, गायिलेल्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावतो तेव्हा आपल्या हातून पाप घडते, असे कळवळून लिहिले आहे, आणि तरीही चर्चमधून गाणे काढून टाकावे असे त्याला म्हणवत नाही. मार्टिन लूथरने गुत्त्यातील गाण्यांच्या चाली उचलून स्तोत्रे रचली, अशी एक लाडकी दंतकथा आहे. जर्मन गीतरचनेतील ‘बार’ या पारिभाषिक नावाचा अर्थ दारूचा गुत्ता असा घेतल्यामुळे ती पसरली असावी, असे अभ्यासक सांगतात. खरी हकीगत जवळजवळ उलटी आहे. लूथरचे नाताळचे एक प्रसिद्ध गीत १५३५ साली एका लोकगीताच्या चालीवर प्रसिद्ध झाले. १५३९ साली ती चाल काढून त्याने नवी दिली. जुनी चाल नाचगाण्यात फार रुळलेली होती, असे त्याचे कारण दिले जाते. लोकांच्या तोंडी शब्द देवाचे आणि पायांत ठेका नाचाचा, हे त्याला मानवले नसावे. याउलट हान्स लेओ हास्लर याच्या १६०१ मधील एका प्रेमगीताची चाल पुढच्या अर्धशतकात स्तोत्राला लागली आणि १७२७ साली बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाचे गीत होऊन बसली. आज ती ऐकताना कोणालाही हास्लरची प्रेयसी आठवत नाही. चालीला आठवण असते, तसे विस्मरणही असते. आणि विस्मरण घडण्यास किती पिढ्या लागतील याचा काही नियम दिसत नाही.

आता महाराष्ट्राकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले पाद्री १८१३ साली मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगरचे ठाणे उघडले गेले. त्यांनी आरंभी जी मराठी गीते तयार केली ती इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे होती आणि ती इंग्रजी चालींवरच म्हणावयाची होती. छंदाच्या अभ्यासकाने हे प्रकरण मुद्दाम पाहावे. इंग्रजी स्तोत्राचा सर्वांत रुळलेला साचा आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा, आणि त्याचा सारा डोलारा आघातावर उभा. मराठीत शब्दावर असा ठाशीव आघात नाही. आहे ते ऱ्हस्वदीर्घाचे माप. ‘कृपा’ हा साधा शब्द घ्या. लघु आणि मग गुरू. इंग्रजी चालीचा ठोका पहिल्या अक्षरावर पडला की ‘कृ’ लांबतो आणि ‘पा’ आखडतो. प्रत्येक ओळीत असे दोनतीनदा घडले की गाणाऱ्याच्या तोंडी मराठी शब्द राहतात, परंतु मराठी बोलणे राहत नाही. भाषांतरकारांची मराठी वाईट होती म्हणून ती गीते परकी वाटली, असे नेहमी म्हटले जाते. भाषा पुष्कळदा बरी असे; तिला चालायला दिलेली वाट तिची नव्हती.

यावर पहिला उपाय नगरमध्येच निघाला. १८६०च्या दशकात तेथील कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन सुरू केले. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, टाळ असा सर्व थाट कीर्तनाचा आणि आख्यान बायबलातले. चर्चच्या दारात पाऊल न टाकणारा माणूसही कीर्तनाला थांबे. मिशनऱ्यांपैकी काहींना हे मनापासून आवडले, काहींना धास्ती वाटली. आख्यानाबरोबर त्या साकीदिंडीचे जुने लागेबांधेही येणार, ही धास्ती तर्कदृष्ट्या अगदी बरोबर होती. फक्त ते वाईट आहे की नाही याचा निकाल व्हावयाचा होता.

तो निकाल रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी लावला, आणि तो असा लावला की त्यावर पुन्हा अपील उरले नाही. टिळकांचा जन्म १८६१ चा; १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते वारले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार सर्वांना ठाऊक आहेत. पण आपण ते केवळ विचारांच्या इतिहासातले विधान म्हणून वाचतो. आमच्या मते ते छंदाविषयीचेही विधान आहे. तुकोबांचा मोठा अभंग म्हणजे सहा-सहा-सहा आणि शेवटी चार अक्षरे. ते आखूड चौथे चरण म्हणजे बोलणारा एकाएकी थांबतो, मान खाली घालतो, किंवा देवाला तोडून विचारतो. कबुली, लाज, लाडिक भांडण, शरणागती या सर्व भावना त्या चार अक्षरांत शेकडो वर्षे मुरलेल्या आहेत. टिळकांनी अभंग हाती घेतला तेव्हा हे सर्व त्यांना आयते मिळाले. इंग्रजी साच्यात ख्रिस्त राजा होता, मेंढपाळ होता, खडक होता. अभंगात शिरल्यावर तो माउली झाला. हा बदल टिळकांनी ईश्वरशास्त्राच्या ग्रंथातून मांडला असता तर त्यावर वाद झाले असते. ते गाणे होते म्हणून मंडळ्यांनी ते गायिले आणि गातागाताच त्यांची ख्रिस्ताविषयीची कल्पना हलली. ज्यांनी कीर्तनाची धास्ती घेतली होती त्यांचे भाकीत येथे शब्दशः खरे ठरले : चालीबरोबर पंढरपूरही आत आले. टिळकांना ते हवेच होते.

आमच्यापैकी एकाने काही वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गात टिळकांचा एक अभंग कवीचे नाव व ख्रिस्तवाचक शब्द गाळून वाचून दाखविला आणि कवी ओळखण्यास सांगितले. बहुतेकांनी तुकाराम म्हटले. एकाने निळोबा म्हटले. नाव सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, हे आमच्याकडे रविवारी म्हणतात, पण वाचताना मला ओळखू आलं नाही.” चाल काढून घेतल्यावर तिला आपलेच गीत परके झाले, आणि इतरांना परके गीत आपले वाटले. या एका वाक्यावर आम्ही नंतर पुष्कळ बोललो.

येथवरची हकीगत सुखान्त वाटते : परदेशी चाल गेली, स्वदेशी चाल आली, ख्रिस्ती धर्म मराठी झाला. परंतु ही सुखान्त कथा आम्हांला पूर्णपणे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण सांगितले पाहिजे. नगर जिल्ह्यातील मंडळ्यांमध्ये बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातून आलेले होते. त्यांच्या दृष्टीने ‘आपले संगीत’ म्हणजे काय? मांगाच्या हाती हलगी आणि सनई होती ती हौसेने नव्हे, गावकीच्या कामाचा भाग म्हणून. लग्नात, जत्रेत, अंत्ययात्रेत वाजवावयाचे आणि वाजवून झाल्यावर दूर बसावयाचे. ज्या वाद्याला जात चिकटलेली आहे ते खाली ठेवण्यात सुटका असू शकते. अशा माणसाला चर्चमधील परकी पेटी आणि परकी चाल कानाला अवघड वाटली असेल, पण त्या आवाजात त्याची पायरी ठरलेली नव्हती. त्याच्या आजोबाला त्या चालीवर कोणी वेशीबाहेर उभे केले नव्हते. टिळक चित्पावन ब्राह्मण होते; अभंग ही त्यांना राष्ट्राची आणि संतांची वाणी वाटली. चोखोबांच्या वारसांना ती तशी वाटलीच असेल, आणि त्याबरोबर देवळाच्या बाहेरून ऐकलेली वाणीही वाटली असेल. ‘देशी चाल’ हे शब्द आपण फार निरागसपणे वापरतो. देश कोणाचा, हा प्रश्न त्यात दडलेला असतो. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेकांनी गावकीचे वाजविणे सोडले आणि त्याच वेळी भीमगीतांनी कव्वालीपासून चित्रपटापर्यंत मिळेल ती चाल उचलली, याची येथे आठवण होते. नव्या मनाला कधी जुनी चाल लागते, कधी जुनी चाल सोडावी लागते, आणि एकाच घरात दोन्ही गरजा असू शकतात. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात भाषांतरित स्तोत्रे आणि अभंग-पदे शेजारीशेजारी नांदतात. संपादकांच्या अनिश्चयामुळे हे झाले असे काहींना वाटते. आम्हांला त्यात गाणाऱ्यांचे शहाणपण दिसते.

दरम्यान चर्चची पेटी दुसऱ्याच प्रवासाला निघाली होती. युरोप-अमेरिकेत घरगुती प्रार्थनेसाठी आणि छोट्या देवालयांसाठी बनविलेली पायपेटी, आपण जिला ऑर्गन म्हणतो ती, मराठी रंगभूमीने आपलीशी केली. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ आले. त्याच्या पदांना कीर्तनातल्या साकीदिंडीचा आधार होता. म्हणजे ज्या चाली सांगळे बायबलाच्या आख्यानासाठी वापरीत होते, त्याच घराण्यातल्या चाली अण्णासाहेब किर्लोस्कर दुष्यन्त-शकुंतलेच्या शृंगारासाठी वापरू लागले. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गनचा भरणा गाण्याला असा चिकटला की तो सूर म्हणजेच नाट्यसंगीत असे समीकरण झाले. १९३१ च्या ‘संगीत कान्होपात्रा’ नाटकाचा विचार करून पाहा. रंगमंच लौकिक, तिकीट काढून आलेला प्रेक्षक, स्त्रीवेषातील पुरुष नट, संतकवयित्रीचा अभंग, आणि साथीला चर्चसाठी जन्मलेले वाद्य. यांतले धार्मिक काय आणि लौकिक काय हे ज्याने त्याने ठरवावे. त्या गायनाने डोळ्यांत पाणी आलेल्या प्रेक्षकाला हा प्रश्न सुचला असण्याचा संभव कमीच. आज ऑर्गनचा सूर ऐकून मराठी माणसाला चर्च आठवत नाही, बालगंधर्व आठवतात. हास्लरच्या चालीचे जे जर्मनीत झाले तेच येथे एका वाद्याचे झाले, दिशा तेवढी उलटी.

अशा देवाणघेवाणीने अस्वस्थ होणारे लोक प्रत्येक काळात असतात. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली ती तीस वर्षांहून अधिक काळ पूर्णपणे उठली नाही. बांधलेल्या सुरांच्या पेटीने भारतीय कान बिघडतो असा तिच्यामागचा विचार होता, आणि तो शास्त्राच्या दृष्टीने अगदीच पोकळ नव्हता. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची खालावते अशी त्यांची ठाम श्रद्धा होती. त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचे प्रमाण घटविले आणि निर्मात्यांशी तंटा होऊन ती गीते जवळजवळ बंदच पडली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला. १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारला श्रोत्यांच्या मागे जावे लागले. इन्क्विझिशन आणि केसकर यांची तुलना करण्याचा अविचार आम्ही करणार नाही; एकीकडे तुरुंग होता, दुसरीकडे केवळ बटण. पण श्रोत्याचे मन त्याच्या कानावर पहारा ठेवून घडविता येते, हा विश्वास दोन्हीकडे सारखाच होता.

आणि या सिलोनवरच्या गाण्यांत कोणता आवाज होता? त्या वाद्यवृंदांतील व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजविणारे पुष्कळ हात गोव्याचे होते. गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना सुरांची लेखी भाषा व व्हायोलिन शिकविले जात असे, ते मिस्सेच्या गायनासाठी. तेथे तयार झालेले वादक पोटासाठी मुंबईस आले. शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसूझा, किंवा प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची नावे आता तरी थोडी माहीत झाली आहेत. अनेक सुरांनी एकाच वेळी वेगवेगळ्या वाटांनी चालावयाचे आणि तरी एकत्र राहावयाचे, ही जी सवय त्यांना चर्चमध्ये लागली होती, ती त्यांनी नायिकेच्या विरहामागे आणि पावसाच्या दृश्यामागे उभी केली. परभणीच्या किंवा चाळीसगावच्या ज्या तरुणाने ती गाणी ऐकून पहिल्यांदा एकटेपणाची चव घेतली, त्याला कोणी धर्मांतरित केले नव्हते. पण हुरहुर म्हणजे पाठीमागे चढत जाणारी व्हायोलिने, हे त्याला कोणीतरी शिकविले होते. लौकिक गाण्याने मन बिघडते म्हणून ज्यांनी काळजी केली, त्यांच्या कानावर त्या गाण्यातली देवळाची तालीम पडलीच नाही.

आता शेवटी आमच्याच दाराशी. टिळकांचे एक गीत निकोल मॅकनिकोल यांनी इंग्रजीत नेले आणि ते स्कॉटलंड-इंग्लंडच्या स्तोत्रसंग्रहांत समाविष्ट झाले. तेथील मंडळ्या ते पाश्चात्त्य चालीवर गातात. तळाशी टिळकांचे नाव छापलेले असते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी नगरात जे भाषांतर उलटे होत होते, तेच आता सुलटे झाले. शब्द पोहोचले, चार अक्षरांचे ते थांबणे पोहोचले नाही. त्या गाणाऱ्यांना दोष देता येणार नाही, कारण त्यांना दिलेच तेवढे होते. आम्ही मात्र येथेच राहतो. आमच्या पाठ्यपुस्तकांतले टिळक म्हणजे ‘केवढे हे क्रौर्य’ आणि फुलामुलांचे कवी. फार तर ‘स्मृतिचित्रे’मधले विक्षिप्त, प्रेमळ पती. लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ ग्रंथालयात असते. आणि ‘अभंगांजली’ वाङ्मयेतिहासात एका परिच्छेदापुरती येते, धार्मिक रचना म्हणून, तीही वाचण्यासाठी. मागच्या बाकावरच्या त्या मुलीला आम्ही पुढच्या तासाला ते गीत म्हणून दाखविण्याची विनंती केली. ती आधी लाजली, मग बाकावर हाताने ठेका धरून तिने ते म्हटले. चाल भैरवीच्या अंगाची होती. दुसऱ्या कडव्याला वर्गातली दोनतीन मुले, शब्द माहीत नसताना, चौथ्या चरणावर बरोबर थांबली.